ज्येष्ठांच्या नैराश्याची प्रश्नावली आपल्या माणसांवर खरी उतरते का?

सायली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पुण्यातल्या काही ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये आमचा छोटा गट एका प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तपासतोय. जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल, म्हणजे जीडीएस. स्टॅनफर्डचे जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती खास वयस्कर लोकांसाठी तयार केली. आधी शंभर प्रश्न जमवले, त्यातले तीस ठेवले. मग १९८६ मध्ये पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आली, ती आम्ही वापरतोय. सगळे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. नैराश्याकडे झुकणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक गुण. पाचाच्या वर गेलं तर पुढे नीट तपासा, असं साधारण धरतात. काही ठिकाणी पाचापासूनच धरतात.

माझा प्रश्न असा: पंधरा वाक्यं चांगल्या मराठीत लिहिली म्हणजे काम झालं का? मला तसं वाटत नाही. तिथे अमेरिकेत जो आकडा नैराश्य दाखवतो, तोच आकडा कोथरूडच्या किंवा येरवड्याच्या आजोबांमध्ये तेच दाखवतो, हे इथे सिद्ध करावं लागेल. ज्यांनी अशी प्रश्नावली भरली आहे, घरच्यांकडून भरून घेतली आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा. कुठला प्रश्न खटकला, कुठे खोटं उत्तर द्यावंसं वाटलं, हे ऐकायला जास्त आवडेल.

केतकी

फार महत्त्वाचा विषय. वाचतेय.

पर्वतीपायथा

वय वर्षे ७४. आमच्या संघात मागे कुणीतरी हाच कागद घेऊन आलं होतं, त्यामुळे लिहितो.

एक प्रश्न होता, बाहेर जाऊन काही नवीन करण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का. मी 'हो' लिहिलं. का लिहिलं ते ऐका. गुडघे दोन्ही गेलेत. सिंहगड रोडला फुटपाथवरून दुचाकी येतात. संध्याकाळी रस्ता ओलांडायचा तर कुणीतरी हात धरायला लागतं. पूर्वी रोज पहाटे पर्वती चढायचो. आता घरी बसतो, रेडिओ ऐकतो, नातवाचं गणित घेतो आणि मजेत असतो. त्या एका 'हो'ने माझ्या नावावर नैराश्याचा एक गुण चढला. तो गुण खरं तर महापालिकेच्या नावावर चढायला हवा.

दुसरं म्हणजे भरून घेण्याची पद्धत. सगळे एकाच हॉलमध्ये, शेजारी-शेजारी. 'आपलं आयुष्य रिकामं वाटतं का' या प्रश्नाला माझ्या शेजारचे गृहस्थ पेन उचलून थांबले, माझ्या कागदात डोकावले आणि मग 'नाही' वर खूण केली. त्यांची पत्नी जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांचं खरं उत्तर काय होतं ते त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

निखिल_सांख्यिकी

काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं त्यावर आमच्याकडे अख्खे प्रबंध आहेत. दोन माणसांचं नैराश्य सारखंच असताना एकजण केवळ गुडघ्यामुळे वेगळं उत्तर देत असेल, तर तो प्रश्न त्या गटात वेगळा वागतोय. सायली, तुमच्याकडे पुरेशी माणसं असतील तर प्रत्येक प्रश्नासाठी हे तपासा: सांधेदुखी असलेले आणि नसलेले, स्त्रिया आणि पुरुष, एकटे राहणारे आणि कुटुंबात राहणारे.

आता मूळ मुद्दा. बऱ्याच लेखांत अल्फा किती आला ते छापतात आणि प्रश्नावली 'प्रमाणित' म्हणून मोकळे होतात. क्रॉनबाखने १९५१ मध्ये दिलेलं ते माप एवढंच सांगतं की पंधरा प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात. पंधराही प्रश्न मिळून गुडघेदुखी मोजत असले तरी अल्फा झकास येईल. काय मोजलं जातंय हे कळायला बाहेरची कसोटी लागते, म्हणजे तज्ज्ञाने समोर बसून घेतलेली मुलाखत.

काल्पनिक आकडे घेऊन बघू. संघात २०० जण आहेत आणि त्यातल्या ४० जणांना खरंच नैराश्य आहे. प्रश्नावलीची संवेदनशीलता, म्हणजे खरं नैराश्य असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण, ८० टक्के असेल तर ४० पैकी ३२ सापडतील, ८ निसटतील. विशिष्टता, म्हणजे नैराश्य नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण, ७५ टक्के असेल तर उरलेल्या १६० पैकी १२० सुटतील आणि ४० जण विनाकारण अडकतील. म्हणजे 'वर गेलेले' एकूण ७२, त्यात खरे ३२. निम्म्याहून कमी! हीच प्रश्नावली दवाखान्यात वापरली, जिथे २०० पैकी १०० जणांना नैराश्य आहे, तर वर जातील १०५ आणि त्यात खरे ८०. प्रश्नावली तीच, फक्त जागा बदलली. त्यामुळे रुग्णालयातल्या पडताळणीचे आकडे उचलून संघात वापरू नका.

मंदार_७१

आणि एक गंमत बघा. पंधरापैकी पाच प्रश्न उलटे आहेत, म्हणजे 'आयुष्यावर समाधानी आहात का' वगैरे, तिथे 'नाही'ला गुण. बाकी दहा ठिकाणी 'हो'ला. आमचे वडील कशालाही 'नाही'च म्हणतात. चहा? नाही. जेवण? नाही. डॉक्टर? नाही. त्यांनी सगळीकडे 'नाही' म्हटलं तर किती?

निखिल_सांख्यिकी

पाच. बरोबर उंबरठ्यावर. आणि सगळीकडे 'हो' म्हणणाऱ्याला दहा. गंमत म्हणून विचारलंत, पण हे फार कामाचं आहे. दमलेला, ऐकू न येणारा किंवा लवकर सुटका हवी असलेला माणूस एकच उत्तर रेटत जातो. पंधराही उत्तरं एकसारखी असलेले कागद वेगळे काढून त्या व्यक्तीशी पुन्हा बोलायला हवं.

सदाशिव_पेठी

थोडा विरोधी सूर लावतो. वय झालं की माणूस मागे सरतोच, आणि सरावंच. माझ्या आजोबांनी साठी झाल्यावर दुकानाच्या किल्ल्या काकांकडे दिल्या, कार्यक्रमांना जाणं सोडलं, सकाळी तुळशीबागेतल्या रामाचं दर्शन आणि दुपारी ज्ञानेश्वरी. तुमच्या कागदावर 'अनेक गोष्टी आणि आवडी सोडून दिल्या का' याला त्यांचं उत्तर 'हो'. त्यांच्यासारखा शांत माणूस मी पाहिला नाही. परदेशात सत्तरीतही नवं काहीतरी करत राहणं म्हणजे निरोगीपणा मानतात. ती मोजपट्टी आपल्या म्हाताऱ्यांना लावून सगळ्यांना रोगी ठरवायचं का?

मेधा_न

सदाशिव पेठी, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण 'वय झालं की असं होतंच' या वाक्याने माझ्या आईचं जवळजवळ अख्खं वर्ष गेलं, म्हणून लिहिते.

आईला शब्दकोड्याचं वेड. पेपर आला की आधी कोडं, तेही पेनने. मग ते बंद पडलं. चौकोन कोरे ठेवून पेपर घडी करून रद्दीत जायला लागला. आम्हाला वाटलं डोळे. चष्मा बदलला. मग वाटलं कंटाळा. एका शिबिरात हीच प्रश्नावली भरून घेतली. स्वयंसेवक मुलगी गोड होती, पण आईच्या एका बाजूला माझा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला वहिनी. 'तुम्हाला असहाय वाटतं का?' भावासमोर कुठली आई 'हो' म्हणेल? गुण आले दोन. आम्ही निर्धास्त.

पुढे एका डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी अर्धा-पाऊण तास बोलल्या. तेव्हा कळलं की रोज पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत ती भिंतीकडे बघत पडून राहते. उपचार झाले, आई सावरली. म्हणून माझं म्हणणं, प्रश्नावली किती खरी यापेक्षा ती कुणासमोर भरली हे आधी विचारा.

सदाशिव_पेठी

मेधाताई, हे वाचून थांबलो. मी म्हणतोय ते सगळ्यांना लागू नाही, मान्य. पण मग आजोबांसारखा माणूस आणि तुमच्या आईसारखी व्यक्ती, यांच्यातला फरक कागदाला कसा कळणार?

डॉ_मनमोकळे

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. या प्रश्नाचं उत्तर देतो.

कागदाला कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. ती चाळणी आहे, निदान नव्हे. आजोबांनी सोडलं ते स्वतः ठरवून सोडलं आणि जे उरलं त्यात त्यांना गोडी होती. मेधाताईंच्या आईची गोडीच गेली होती. हे समोर बसून विचारल्याशिवाय समजत नाही.

जीडीएस करताना एक गोष्ट मुद्दाम केली आहे. झोप, भूक, वजन हे प्रश्न वगळले आहेत. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या दुसऱ्या, नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप आणि भूक दोन्ही आहेत. कारण सरळ आहे. सत्तरीतल्या माणसाची झोप प्रोस्टेटमुळे मोडते, भूक औषधांनी जाते. तिथे गुण दिले तर निम्मा वॉर्ड नैराश्यात निघेल. म्हणून जीडीएस मनाच्या बाजूवर भर देते, आणि मला ते पटतं.

वर गुण आले की लगेच गोळी नाही. आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघायचं. कुठली औषधं चालू आहेत, ऐकू येतं का, नुकतं कुणी गेलंय का, दारू आहे का, हे विचारायचं. मग मुलाखत.

रानवाटा

डॉक्टर, इथे माझा मतभेद आहे. मी जुन्नर-आंबेगावकडच्या गावांत आरोग्याचं काम करते. आमच्याकडच्या आज्यांचं मन शरीरातून बोलतं. 'जीव रमत नाही' हे फार पुढे, आधी 'अन्न गोड लागत नाही', 'डोकं जड', 'हातपाय गळाल्यासारखे', 'छातीत धडधड'. शरीराचे प्रश्न काढून टाकलेत तर या बायका चाळणीतून खाली पडतील आणि सगळ्यांना वाटेल गावात सगळं आलबेल आहे.

एका आजींना मी वाचून दाखवलं, 'आत्ता जसं जगताय त्यात आपण कुचकामी आहोत असं वाटतं का?' त्या चुलीपुढे होत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, 'दहा माणसांच्या भाकरी अजून मीच थापते की. कुचकामी कशानं?' उत्तर 'नाही'. गुण शून्य. त्याच आजी महिन्यात कितीदा तरी अंगदुखीचं इंजेक्शन मागायला येतात आणि इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास बाकावर बसून राहतात. कारण तिथे कुणीतरी बोलतं.

आणि बहुतेकींना वाचता येत नाही. म्हणजे मीच वाचते, माझ्याच आवाजात. माझा सूर जरा हलला की उत्तर हलतं.

डॉ_मनमोकळे

रानवाटा, हे मी नाकारत नाही. माझ्या ओपीडीतही पहिली तक्रार बहुधा अंगदुखीची असते. पण शरीराचे प्रश्न जीडीएसमध्ये घुसवू नका. बेरीज बदलली की दुसरीकडच्या कुठल्याही आकड्याशी तुलना उरत नाही. ते वेगळ्या कागदावर विचारा आणि मुलाखतीशी वेगळे ताडून बघा.

रानवाटा

तुलना कुणासाठी, डॉक्टर? आजींना तुलनेचं काय? पण वेगळा कागद चालेल. फक्त तो कागद खरंच वापरला जावा, परिशिष्टात पडून राहू नये.

अश्विनी_औंध

थोडं अवांतर. कमला नेहरू पार्कात सकाळी हास्यक्लब चालतो का अजून? सासूबाईंना न्यायचं आहे.

केतकी

जाऊन बघा. नाहीतर सारसबागेतही सकाळी मंडळी जमतात, सोबत मिळेल.

मंदार_७१

अवांतरात अवांतर: प्रश्नावलीत 'आत्ता जिवंत असणं छान वाटतं का' असा प्रश्न आहे म्हणे. आम्ही दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतो, तेव्हा हाही विचारून घ्यावा. रांग बघून सगळे 'नाही' म्हणतील.

अश्विनी_औंध

:) पण यातून खरंच एक प्रश्न पडला. सगळं 'गेल्या आठवड्याबद्दल' आहे ना? आमच्याकडे गणपतीत दीर अमेरिकेतून आले होते. ते दहा दिवस सासूबाई अशा काही फुलल्या होत्या की विचारू नका. विसर्जनानंतर ते गेले आणि त्या चार दिवस बोलल्याच नाहीत. कुठल्या आठवड्यात कागद भरला यावर सगळं ठरेल की!

निखिल_सांख्यिकी

अश्विनीताई, म्हणूनच फेरचाचणीची, म्हणजे त्याच माणसाकडून तोच कागद पुन्हा भरून घेण्याची, तारीख जपून ठरवावी लागते. पहिला कागद गणपतीत आणि दुसरा पितृपक्षात भरला, तर उत्तरं बदलली म्हणून प्रश्नावलीला दोष देता येणार नाही. माणूसच बदललेला असतो. सायली, मुलाखतही कागदानंतर थोड्याच दिवसांत घ्या.

सायली_कर्वेनगर

इतकं सगळं वाचून भारावले आहे. आम्ही काय करतोय ते सांगते, म्हणजे त्रुटी दाखवता येतील.

दोघांनी स्वतंत्रपणे मराठी केलं, तिसरीने मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं. मग काही ज्येष्ठांसोबत बसून प्रत्येक प्रश्नावर 'तुम्हाला यातून काय विचारलंय असं वाटलं?' असं विचारलं. हा टप्पा सगळ्यात उपयोगी पडला. स्मरणशक्तीबद्दलच्या प्रश्नात इतरांशी तुलना आहे. बऱ्याच जणांनी ती गाळून 'हल्ली विसरायला होतं का' एवढंच ऐकलं आणि 'हो' म्हणाले. तो प्रश्न आता हळू, दोन भागांत वाचतो.

मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांना कागदावरचे गुण माहीत नसतात. आणि फक्त वर गुण आलेल्यांचीच मुलाखत घ्यायची नाही हे पक्कं आहे. कमी गुणवाल्यांतूनही चिठ्ठ्या टाकून माणसं निवडतो. निखिल म्हणतो ते निसटलेले ८ जण तिथेच सापडणार. मेधाताईंच्या आईसारखे.

हिंदीत हे काम झालेलं आहे. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणात बल्लभगडच्या ग्रामीण भागात जीडीएसची हिंदी आवृत्ती वापरली, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. साक्षरता कमी असलेल्या गावांत काम करताना काय बघावं लागतं हे त्यातून शिकायला मिळतं. रानवाटा, तुमच्याशी यावर वेगळं बोलायला आवडेल.

प्राजक्ता_वारजे

बाबांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्याकडून ही प्रश्नावली भरून घेतली तर चालते का? ते सकाळी 'हो' म्हणतात, दुपारी 'नाही'.

डॉ_मनमोकळे

अगदी सुरुवातीच्या टप्प्यात चालू शकते. पुढे तिच्यावर विसंबू नका. स्मृतिभ्रंशातल्या नैराश्यासाठी १९८८ मध्ये आलेलं कॉर्नेल स्केल आहे. त्यात रुग्णाला पाहतात आणि सांभाळणाऱ्यालाही विचारतात. उलटही होतं हं: खोल नैराश्यात माणूस इतका मंदावतो की घरच्यांना स्मृतिभ्रंशच वाटतो. बाबांच्या डॉक्टरांना दोन्ही शक्यता सांगा.

सायली, एक गंभीर गोष्ट. जीडीएसमध्ये जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल थेट प्रश्नच नाही. पीएचक्यू-९ मध्ये शेवटचा प्रश्न तो आहे. जीडीएसचे गुण कमी आले म्हणून माणूस सुरक्षित आहे असं समजू नका. हे वेगळं, एकट्यात, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात तसले विचार येतात ही भीती निराधार आहे. आणि उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी काय करायचं हे कागद वाटण्याआधी ठरलेलं हवं.

इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७.

मेधा_न

डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन्ही क्रमांक आमच्या सोसायटीच्या फलकावर लावते.

पर्वतीपायथा

परत आलो. सगळं वाचलं, आकडेवारीचं दोनदा वाचलं. सायली, तुझ्या मूळ प्रश्नाबद्दल माझं मत सांगतो. अहो-जाहो करत नाही, नातीसारखी आहेस.

घरी बसण्याच्या प्रश्नापुढे 'का?' एवढं विचारायला काय हरकत आहे? गुण द्यायचे ते नियमाने द्या, पण कारण शेजारी लिहून ठेवा. दुसरं, कागद घरच्यांसमोर नको आणि हॉलमध्ये रांगेत तर नकोच. आमच्या संघात मागे पुस्तकांची खोली आहे, दार लागतं. अक्षर मोठं हवं. दुपारी जेवणानंतर बोलावू नका, निम्मे पेंगतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना हॉलमधून ओरडून विचारलं तर ते लाजेने काहीही उत्तर देतात.

आणि शेवटचं. मागच्या वेळी आम्ही कागद भरले, त्यांनी पिशवीत घातले आणि गेले. माझे किती आले, पुढे काय, कुणी सांगितलं नाही. माझ्या शेजारच्या त्या गृहस्थांना तर कुणी फोनही केला नाही. तुम्ही सांगणार आहात का?

सायली_कर्वेनगर

हो काका. प्रत्येकाला एकट्याला भेटून सांगणार. ज्यांचे गुण वर येतील किंवा ज्यांच्या मुलाखतीत काही निघेल, त्यांची डॉक्टरांशी वेळ आम्हीच ठरवून देणार. ज्यांना एकट्याने जाता येत नाही त्यांच्यासोबत गटातलं कुणीतरी जाईल. 'का?' साठी रकाना वाढवते, तो गुणांत धरणार नाही, पण प्रत्येक कारण वाचून त्यांचे गट पाडणार. आणि त्या गृहस्थांना यायची इच्छा असेल तर त्यांना आधी घेऊ. मात्र जबरदस्ती नको, तुम्ही फक्त निरोप द्या.

पर्वतीपायथा

निरोप आजच देतो. खोलीची किल्ली सचिवांकडे असते, त्यांच्याशी बोलून ठेवतो. सकाळी दहानंतर या. आणि तिथे प्लॅस्टिकचे स्टूल आहेत, ते नको. हाताच्या खुर्च्या मागवून घेतो, आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याशिवाय उठता येत नाही.